मेमोरियल हॉल, टालांगूर

नेरिडा कूम्बनं 'मेमो' एवढीच अक्षरं दाबली, आणि कॉम्प्युटरमधल्या कॅलेंडरनं पुढचं सगळं न विचारता स्वतःच भरून टाकलं: मेमोरियल हॉल, टालांगूर.

"टालांगूर नाही रे मेल्या! आपला हॉल. आपला!" ती पडद्यावर ओरडली.

टालांगूर आमच्या विराबीनपासून सव्वाशे किलोमीटरवर. आणि विराबीनचा मेमोरियल हॉल नेरिडाच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतो. मध्ये फक्त एक रस्ता. किटली चुलीवर ठेवून ती हॉलचं दार उघडून येऊ शकते, आणि तिनं ते कितीदा तरी केलंय. पण कॅलेंडरला हे कोण सांगणार? मागे कधीतरी बोल्सच्या, म्हणजे हिरवळीवर चेंडू घरंगळवायच्या खेळाच्या, बक्षीस समारंभासाठी तिनं एकदाच, अगदी एकदाच, टालांगूरच्या हॉलचा पत्ता त्यात व्यवस्थित लिहिला होता. तेवढा एक पत्ता त्यानं जिवापाड जपला. आमच्या हॉलला घरनंबर नाही, त्यामुळे नकाशाच्या लेखी तिथं नुसतं गव्हाचं रान. आणि गावाचं नाव लिहितो कोण? हॉल म्हणजे हॉल. सभा हॉलमध्ये आहे म्हटलं की कुठं जायचं ते शेंबडं पोरही सांगेल.

ती पत्ता खोडायची, तो परत यायचा. ती पुन्हा खोडून पुढच्या रकान्यात गेली की हा पठ्ठ्या मागून हळूच आत. पालथ्या घड्यावर पाणी. नेरिडा हॉल समितीची चिटणीस, त्यामुळे सभा, फुलांचं प्रदर्शन, मयतानंतरचा चहा, सगळं तिच्याच कॅलेंडरात. आणि त्या कॅलेंडरच्या मते आमचं अख्खं गाव सभा भरवायला, फुलं मांडायला आणि मेलेल्यांच्या नावानं चहा प्यायला टालांगूरला जात होतं.

भरीला त्याच कॅलेंडरला जोडलेला फोन होताच. सभेच्या दीड तास आधी तो ओट्यावर पडल्या पडल्या बोलायला लागायचा, "निघायची वेळ झाली. रस्ता मोकळा आहे."

"कशाला निघू? समोर तर आहे," असं म्हणून नेरिडा हातातलं फडकं त्याच्या तोंडावर टाकायची.

शेवटी तिनं नाद सोडला. पत्त्याच्या जागी काय लिहिलंय ते आमच्यात बघतो कोण? करड्या अक्षरांतली ती बारीक ओळ तिथं राहू लागली, आणि रोज दिसणारी वस्तू हळूहळू दिसेनाशी होते, तशी तिलाही ती दिसेनाशी झाली.

या भांडणाची सगळ्यात जास्त गंमत वाटायची ती तिच्या नवऱ्याला, ऑल्विनला. जन्मभर गव्हाच्या कोठारावर काम केलेला हा उंचाडा माणूस अर्धांगवायूनं डाव्या अंगानं लुळा पडला, तेव्हापासून आमच्या छोट्या इस्पितळाच्या मागच्या कक्षात होता. त्याचा पलंग व्हरांड्याच्या दाराशी, आणि व्हरांड्यातून फुटबॉलचं मैदान दिसायचं. रोज दुपारी नेरिडा सूप घेऊन चालत जायची, एकेक चमचा भरवायची, हनुवटी पुसायची, आणि दोघं एकमेकांना टोमणे मारायचे.

"त्या यंत्राचं माझ्यासारखंच झालंय बघ," ऑल्विन जड जिभेनं म्हणायचा. "एकदा डोक्यात बसलं की निघत नाही."

"तुझ्या डोक्यात टालांगूर कधी बसलं होतं?"

"टालांगूर?" त्याचं वाकडं तोंड आणखी वाकडं व्हायचं. "टालांगूरचं पाणीसुद्धा पिणार नाही मी."

तरुणपणी तो विराबीनकडून खेळायचा, आणि टालांगूरनं त्यांना अंतिम सामन्यात एका गुणानं हरवलं होतं. पंचानं आंधळेपणा केला म्हणून. हे त्याचं म्हणणं. पंच मरूनही खूप वर्षं झाली, पण ऑल्विननं त्याला माफ केलं नव्हतं. रोजचं सूप, रोजचा पंच, रोजचे टोमणे. दोघांच्या संसारात एवढंच उरलं होतं, पण ते उरलं होतं, आणि नेरिडाला त्याहून जास्त काही नको होतं.

तेच जायची पाळी आली. आमचे डॉक्टर निवृत्त होऊन समुद्रकाठी राहायला गेले. मग काही दिवस शहरातून उसने डॉक्टर आले, मग तेही यायचे थांबले. शेवटी आरोग्य खात्याचा एक माणूस कोरे करकरीत बूट घालून आला आणि हॉलमध्ये उभा राहून म्हणाला, "हिवाळा संपेपर्यंत कायमचा डॉक्टर मिळाला तर ठीक. नाहीतर मागचा कक्ष बंद करावा लागेल. रुग्णांची सोय दुसरीकडे होईल."

"दुसरीकडे म्हणजे कुठं?" नेरिडानं विचारलं.

"जिथं पलंग रिकामा असेल तिथं, बाई."

त्या दिवसापासून नेरिडानं डॉक्टर शोधायचा ध्यास घेतला. जाहिराती दिल्या, ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना फोन केले, आणि अखेर एक डॉक्टर मिळाली. हसिनी गमागे तिचं नाव. मूळची श्रीलंकेची, शहरात नोकरी करणारी, शहराला कंटाळलेली. नवरा रुवान गणिताचा शिक्षक, एक लहान मुलगी. शनिवारी गाव बघायला येते म्हणाली. दुसरं कुठलंही गाव बघायचं तिच्या मनात नव्हतं, फक्त आमचं.

"मिसेस कूम्ब, मला कॅलेंडरवर आमंत्रण पाठवाल ना?" तिनं फोनवर गोड आवाजात विचारलं. "माझं सगळं आयुष्य त्यातच असतं. ते सांगतं तिकडे गाडी नेते आम्हाला. मी नुसती बसते."

नेरिडा चष्मा पुसून कॉम्प्युटरसमोर बसली. शनिवार, दुपारी दोन. करडी ओळ आलीच. तिनं ती खोडली, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हॉलपुढं आपल्या गावाचं नाव लिहिलं. पुन्हा पुन्हा वाचून बघितलं, मग पाठवलं. पहिलं आमंत्रण बरोबर गेलं होतं, हे मुद्दाम सांगतो. गावात अजून काही लोक म्हणतात की नेरिडानं निष्काळजीपणा केला. त्यांच्या तोंडाला कुलूप घालायला हवं.

गुरुवारी सकाळी हॉल समितीची अध्यक्षीण ग्लेनिस पास्को दार न वाजवता मागल्या दारानं आत आली. "अगं घात झाला, नेरिडा! शनिवारी दोनला मॅच आहे!"

"अगं बाई! कुणाशी?"

"टालांगूरशी! आणि आपल्याच मैदानावर. हॉलमध्ये कुत्रं फिरकायचं नाही. त्या डॉक्टरीणबाईंना काय रिकाम्या खुर्च्या दाखवायच्या?"

हे खरंच होतं. विराबीनमध्ये लग्नं पुढं ढकलतात, अंत्यविधी सकाळी उरकतात, पण टालांगूरशी मॅच असताना चहा कुणी ठेवत नाही.

"मग काय करायचं?"

"मॅच संपल्यावर. साडेचार. गडीमाणसं तोंडबिंड धुऊन येतील. जिंकलो तर हसतीलही."

नेरिडानं आमंत्रण पुन्हा उघडलं. दोनचे साडेचार केले. ग्लेनिस खांद्यामागं उभी राहून कोण काय आणणार ते ठरवत होती. आमच्याकडे कार्यक्रम म्हटला की प्रत्येक बाई घरून एक ताट भरून आणते. "करी घातलेल्या अंड्याचे सँडविच मी करते. तू स्कोन कर. आणि पोस्टातल्या जॅकीला पावलोव्हा केक करू देऊ नकोस बाई, तिचा दरवेळी बसतो."

"पावलोव्हा बसतो आणि जॅकी उठते," नेरिडा म्हणाली, आणि दोघी खदखदून हसल्या.

हसता हसताच तिनं बटण दाबलं. बदल पाहुण्यांना कळवायचा का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. तिनं हो म्हटलं. वेळ बदलताना त्यानं हॉलच्या नावाखाली आपली आवडती करडी ओळ पुन्हा आणून बसवली होती. तिच्या डोळ्यांसमोर होती ती. तिनं पाहिली नाही.

शनिवारी आम्ही मॅच जिंकलो. त्या मोसमातला पहिलाच विजय. नेरिडा मात्र मैदानाकडे फिरकली नाही. ती घरी स्कोनना लोणी लावत होती. तीनच्या सुमाराला फोन बोलला, "निघायची वेळ झाली. रस्ता मोकळा आहे." सवयीनं तिनं फडकं टाकलं त्याच्यावर.

साडेचारला हॉल फुलून गेला होता. लांब टेबलावर ताटंच ताटं, सॉसेज रोल, लॅमिंग्टन, काकडीचे सँडविच. जॅकीनं कुणाला न जुमानता पावलोव्हा आणला होता आणि तो चक्क उभा होता. ऑल्विनला चाकांच्या खुर्चीतून आणलं होतं, गळ्यात विराबीनचा मफलर, मांडीवर घोंगडी. तो ज्याला त्याला सांगत होता, "बघितलंत ना? पंच डोळस असला की काय होतं ते?"

पावणेपाच झाले. पाण्याचं भांडं पुन्हा उकळलं. डॉक्टरचा फोन लागेना.

"शहरातली माणसं," ग्लेनिस म्हणाली. "बसली असतील वाटेत मेंढ्यांचे फोटो काढत."

लोक हसले. नेरिडा हसायला गेली आणि तिला तो फडक्याखालचा फोन आठवला. निघायची वेळ झाली. तीन वाजता. साडेचारच्या आधी दीड तास.  हातातली थाळी तिनं कुणाच्या तरी हातात दिली आणि ती रस्ता ओलांडून घराकडे धावली. पायाच्या दुखण्यामुळं सावकाश चालणाऱ्या या बाईला आम्ही त्याआधी धावताना पाहिलं नव्हतं.

कॉम्प्युटर उघडायला तेवढाच वेळ लागला जेवढा नेहमी लागतो. ती ओळ तिथंच होती. मेमोरियल हॉल, टालांगूर.

तिनं टालांगूरच्या हॉलच्या भिंतीवरच्या फोनला फोन लावला.

"हॅलो, हॉल!" तिकडून एक बाई म्हणाली. तीही नुसतं हॉलच म्हणाली.

"मी विराबीनहून नेरिडा कूम्ब. तुमच्याकडे एक डॉक्टर आली आहे का?"

"अगं नेरिडा! मी बेव्ह. बोल्सला भेटलो होतो आपण, आठवतं? आली आहे ना! नवरा, छोटी पोरगी, सगळे. आम्ही मॅचहून येणाऱ्या पोरांच्या जेवणाची ताटं मांडत होतो, आणि ही दारात उभी. म्हणाली, मी डॉक्टर, चहाला बोलावलं होतं ना? मला तर बाई देवच पावला!"

"बेव्ह, ती आमची आहे."

पलीकडे मागं एक लहान मुलगी खिदळत होती, चमचे वाजत होते.

"तुमची म्हणजे? पत्ता तर आमचा होता. तिनं दाखवला मला."

"चूक झाली गं. माझी चूक. तिला आत्ताच्या आत्ता इकडं पाठव. सगळं गाव वाट बघतंय."

"आत्ता? बाहेर बघ जरा. अंधारतंय. कांगारू रस्त्यावर यायची वेळ. शहरातली माणसं, गाडीत एवढंसं पोर. तू पाठवलं असतंस?"

नेरिडानं खिडकीबाहेर बघितलं. तिनंही पाठवलं नसतं.

"रात्री आमच्याकडेच राहतील. उद्याचं उद्या बघू," बेव्ह म्हणाली. मग आवाज उतरवून म्हणाली, "आमच्याकडंही डॉक्टर नाही गं कधीचा. आमचा पण कक्ष बंदच आहे." आणि तिनं फोन ठेवला.

आयत्या बिळावर नागोबा म्हणावं तर तसंही म्हणता येत नाही. नागोबाला बिळात कुणीतरी आणून सोडलं होतं.

नेरिडानं हॉलमध्ये येऊन सगळ्यांना सांगितलं. कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "म्हणजे त्यांचे गडी आपल्या मैदानावर, आणि आपली डॉक्टर त्यांच्या हॉलात." कुणी हसलं नाही. बायकांनी आपापली ताटं झाकली. ऑल्विननं खुर्चीतून उजवा हात पुढं केला आणि तिचं मनगट धरलं. एवढ्या माणसांत तिला रडायचं नव्हतं, पण ती रडली.

रविवारी दुपारी डॉक्टर हसिनी आली. वाईट बाई असती तर बरं झालं असतं, तिला शिव्या तरी देता आल्या असत्या. ती आधी मागच्या कक्षात गेली, ऑल्विनची छाती तपासली, त्याला आंधळ्या पंचाची गोष्ट सांगू दिली आणि योग्य जागी हसली. नेरिडा बघत राहिली. ऑल्विन इतका वेळ कुणा परक्याशी कधी बोललाच नव्हता. मग डॉक्टर तिला व्हरांड्यात घेऊन आली.

"मिसेस कूम्ब, मी तुमच्याशी खोटं बोलणार नाही. आम्ही टालांगूरला हो म्हणून बसलो."

"एका रात्रीत?"

"त्यांच्या शाळेच्या मुख्याध्यापकबाई हॉलमध्येच होत्या. त्यांना गणिताचा शिक्षक हवा आहे. रुवानला इतकी वर्षं शहरात कायमची नोकरी मिळाली नाही हो. मुलीला तिथं मैत्रीण मिळाली. सकाळी त्यांनी घराची किल्लीच हातात ठेवली."

"पण तुम्ही आमचं काही बघितलंच नाही. माझे स्कोनसुद्धा खाल्ले नाहीत."

"आधी इथं आलो असतो तर..." ती थांबली. "आम्ही पोचलो, त्यांनी हसून दार उघडलं. पुढचं सगळं आपोआप होत गेलं."

आपोआप. नेरिडानं मान हलवली. त्या शब्दाशी तिचं फार जुनं भांडण होतं, आणि ती ते हरली होती.

गावानं तिला तोंडावर काही म्हटलं नाही. हॉलमध्ये ती शिरली की विषय बदलायचा, एवढंच. ग्लेनिस तेवढी बोलली. "एक ओळ वाचायची होती गं, नेरिडा. एक ओळ." वेळ बदलायला कुणी लावली, हे नेरिडा म्हणू शकली असती. ती म्हणाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ग्लेनिस केक घेऊन आली आणि टेबलावर ठेवून गेली. तिलाही झोप लागली नव्हती, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

नेरिडानं आरोग्य खात्याला फोन केले, विनवण्या केल्या. दुसरा डॉक्टर काही मिळाला नाही. हिवाळा संपला आणि मागच्या कक्षाला कुलूप लागलं. तोवर टालांगूरच्या इस्पितळाला डॉक्टर मिळाल्यामुळं त्यांचा बंद पडलेला कक्ष पुन्हा उघडला होता, आणि तिथं पलंग रिकामे होते.

नेरिडानं ऑल्विनला स्वतःच सांगितलं, सूप संपल्यावर.

"टालांगूर?" तो म्हणाला. ती टोमण्याची वाट बघत होती. तो मैदानाकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "म्हणजे पाणी प्यावं लागणार."

तिची नजर आता लांबच्या रस्त्यावर गाडी चालवण्याजोगी राहिलेली नाही. गावाची छोटी बस मंगळवारी आणि शुक्रवारी टालांगूरला जाते आणि तिथल्या हॉलच्या दारात सोडते. इस्पितळ त्याच्या मागं. ऑल्विनचा पलंग भिंतीकडे तोंड करून आहे. खिडकी आहे, पण तिच्यातून मोटारी लावायची जागा दिसते. डॉक्टर हसिनी त्याची मनापासून काळजी घेते, नेरिडाला खुर्ची आणून देते, आणि नेरिडा आभार मानते. पण सूप डब्यात गार होतं, आणि मंगळवारनंतर शुक्रवार येईपर्यंत त्याला भरवणारा हात परका असतो. पंचाचं तो आताशा बोलत नाही. मोसम कधीच संपला, तरी विचारतो, "आज मॅच आहे का गं?" आणि ती म्हणते, "आहे."

"कुणाशी?"

ती त्याची हनुवटी पुसते आणि सांगत नाही.

पहिल्या आठवड्यात तिनं या फेऱ्या कॅलेंडरात घालायला घेतल्या. वरती लिहिलं, ऑल्विन. खाली बस थांबते ती जागा लिहायला 'मेमो' एवढंच टाइप केलं, आणि करडी ओळ पुढं आली. मेमोरियल हॉल, टालांगूर. सवयीनं तिचं बोट खोडायच्या बटणावर गेलं. मग तिच्या लक्षात आलं की खोडण्यासारखं काही नाही. बोट तिथं बराच वेळ टेकलेलं राहिलं.

मंगळवारी ती ओट्याशी उभी राहून भांडी पुसत होती. खिडकीतून समोरचा हॉल दिसत होता, कुलूप लावलेला. फोन बोलला, "निघायची वेळ झाली. रस्ता मोकळा आहे."

नेरिडानं फडकं घडी करून बाजूला ठेवलं, सुपाचा डबा पिशवीत घातला आणि ती निघाली.